मूठ मिटायची की उघडी ठेवायची?

दोन-तीन वर्षं लोखंड उचलायचं, महिनोन्‌महिने भात-पोळी मोजून खायची, अंगाला गडद टॅन फासायचा, आणि स्टेजवर गेल्यावर पाय कुठे ठेवायचा हेच माहीत नसायचं. महिलांच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत हे सर्रास दिसतं.

मुलीची चूक? मुळीच नाही. तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

कोच आहाराचा तक्ता देतो, व्यायामाचा देतो, प्रोटीनचा डबाही त्याच्याकडूनच घ्यायचा असतो. पोझिंगचं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘शेवटच्या दोन आठवड्यांत बसवू.’ पंचांसमोर जे न्यायचं आहे, तेवढंच शेवटावर ढकलायचं?

तुम्ही किती किलोची डेडलिफ्ट मारता हे पंचांना कुणी सांगत नाही. त्यांना पोझ दिसते. तेवढीच दिसते.

सुरुवात साध्या उभं राहण्यापासून होते. समोर तोंड, मग बाजू, पाठ, दुसरी बाजू. याला क्वार्टर टर्न म्हणतात. नवख्या मुलीला वाटतं, ही तर विश्रांती. प्रत्यक्षात यात शरीराचा एकही भाग सैल नसतो. मांड्या आवळलेल्या, छाती उचललेली, पाठीचे पंख पसरलेले, पोट आत, श्वास वरच्यावर. सैल असतो तो फक्त चेहरा, आणि तो सैल ठेवणं सगळ्यात अवघड.

पहिल्या मिनिटाला जमतं. दुसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागतात. तेवढ्यात मुख्य पंच दोघींच्या जागा बदलतात आणि पुन्हा पहिल्यापासून वळायला सांगतात.

म्हणून पोझिंग हा वेगळा व्यायाम आहे. एकेक पोझ अर्धा-अर्धा मिनिट धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. हे पहिल्या महिन्यापासून केलं तर शेवटी अंगात मुरतं. शेवटच्या दोन आठवड्यांत आहार तळाला गेलेला, झोप उडालेली, डोकं चिडलेलं. शिकायची हीच वेळ सापडली?

महिलांच्या बॉडीबिल्डिंगमध्ये पाच सक्तीच्या पोझ: फ्रंट डबल बायसेप्स, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, साइड ट्रायसेप्स आणि अॅब्डॉमिनल्स अँड थाय. नावात बायसेप्स आहे म्हणून मुली दंड फुगवतात आणि खाली पाय तसेच सोडून देतात. पंच मात्र डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत सगळं बघत जातात.

बॅक डबल बायसेप्स घ्या. एक पाय मागे, चवड्यावर, म्हणजे पोटरी उठून दिसते. मान, खांदे, दंड, पाठीचा वरचा भाग, कण्याच्या दोन्ही बाजू, कंबर, मांडीची मागची बाजू, सगळं एकाच वेळी उघडं पडतं. एका नजरेत इतके स्नायू दुसऱ्या कुठल्याच पोझमध्ये तपासता येत नाहीत. आणि सराव सगळ्यात कमी कशाचा? याचाच. कारण आरशात स्वतःची पाठ दिसत नाही.

आरसा हा एक मोठा घोटाळा आहे. जिममधला दिवा डोक्यावरून पडतो, सावल्या खोल होतात, कापीवपणा दुप्पट वाटतो. स्टेजवरचा झगझगीत उजेड समोरून येतो आणि तेच स्नायू सपाट दिसतात. टॅन लावतात तो म्हणूनच. आणि स्टेजवर आरसा नसतो. हात नेमका किती उंच गेला हे खांद्याला आतूनच कळावं लागतं.

मग करायचं काय? आठवड्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात, चारही बाजूंनी व्हिडिओ काढायचा. कॅमेरा पंचांच्या नजरेच्या उंचीवर, म्हणजे बराच खाली. वरून काढलेल्या सेल्फीत सगळ्यांचीच कंबर बारीक असते.

आणि तो व्हिडिओ मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकून उपयोग नाही. तिथे फक्त कौतुक मिळतं.

जिने स्वतः स्पर्धा केली आहे, किंवा ज्याने पंच म्हणून काम केलं आहे, त्यांना दाखवा. प्रश्न नेमके विचारा. डावी बाजू चांगली की उजवी? साइड चेस्टला बाजू निवडायची मुभा स्पर्धकाला असते. म्हणजे आपली कुठली बाजू भरलेली आहे हे ओळखणं हा त्या पोझचाच भाग झाला. किती जणींना ते ठाऊक असतं? बहुतेक जणी सवयीने वळतात.

गुणांचा हिशेबही कुणी नीट समजावत नाही. पंच दहापैकी सात, दहापैकी आठ असे गुण देत नाहीत. ते क्रम लावतात. पहिलीला एक, दुसरीला दोन. टोकाचे आकडे वगळून बेरीज होते आणि जिची बेरीज सर्वांत कमी, ती जिंकते.

म्हणजे ‘तू किती चांगली आहेस’ हा प्रश्न तिथे नसतोच. ‘शेजारचीच्या तुलनेत कशी’ हा असतो.

आणि सराव मात्र बंद खोलीत, एकटीने.

दोघीतिघींनी शेजारी उभं राहून सराव करावा. शेजारची आधी वळली तर आपली लय बिघडते का? ती अर्धं पाऊल पुढे सरकली तर आपण तिच्या सावलीत जातो का? कोपरं एकमेकींना लागतात का? हे एकटीला कधीच कळणार नाही. एकमेकींची पाठ तपासून देणाऱ्या दोन मुली निम्म्या कोचांपेक्षा जास्त शिकवतात.

आता मुठीचं. बॉडीबिल्डिंगच्या डबल बायसेप्समध्ये मूठ मिटलेली चालते. आयएफबीबी या शरीरसौष्ठवाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या विमेन्स फिजिक गटात हात उघडे, बोटं मोकळी आणि पाय अनवाणी. फिगरमध्ये उंच टाचा, दंड फुगवणं बंद, फक्त क्वार्टर टर्न. बिकिनीत टाचा आणि त्याहून मऊ बांधा. वेलनेसमध्ये कंबरेखालचा भाग भरदार हवा. वर्ल्ड बॉडीबिल्डिंग अँड फिजिक स्पोर्ट्स फेडरेशनची माळ आणखी वेगळी: अॅथलेटिक, स्पोर्ट्स, मॉडेल फिजिक.

तीच मुलगी, तेच शरीर. एका गटात ‘जास्त झालं’, दुसऱ्यात ‘कमी पडलं’.

म्हणून मूल्यमापन आधी, पोझिंग नंतर. खांदे रुंद आहेत की मांड्या भारी, कंबर किती, स्नायू किती आणि त्यावरची चरबी किती, हे बघून गट ठरवायचा आणि त्या गटाचं नियमपुस्तक वाचायचं. आपल्याकडे काय होतं? ज्या गटात नावं कमी, तिकडे मुलगी ढकलली जाते. फिगरचा सराव केलेली मुलगी फिजिकमध्ये उभी राहते आणि ऐनवेळी विचारते, चपला काढायच्या का?

नियमपुस्तकं तरी स्वच्छ आहेत का? इतिहास बघा. नोव्हेंबर १९७७, अमेरिकेतलं कँटन, ओहायो. तिथे महिलांची स्पर्धा पहिल्यांदा स्नायूंच्या निकषावर घेतली गेली. त्याआधी पुरुषांच्या स्पर्धेला जोडून बिकिनीतल्या मुलींची रांग असायची. १९८० मध्ये मिस ऑलिम्पिया ही महिला शरीरसौष्ठवातली मोठी स्पर्धा सुरू झाली, रेचल मॅकलिश पहिली.

तीनच वर्षांत गाडी अडली. १९८३, लास वेगास, सीझर्स वर्ल्ड कप. ऑस्ट्रेलियाची पॉवरलिफ्टर बेव्ह फ्रान्सिस इतके स्नायू घेऊन उतरली की पंचांमध्ये वाद पेटला: स्त्रीने इतकं दिसावं का? स्पर्धा स्नायूंची, आणि वाद स्त्रीत्वाचा. ‘पंपिंग आयर्न टू: द विमेन’ या १९८५ च्या चित्रपटात तो सगळा बघायला मिळतो. फ्रान्सिस आठवी आली.

जिंकली कार्ला डनलॅप. तिच्या अंगात सिंक्रोनाइज्ड स्विमिंग मुरलेलं होतं आणि पोझिंगवर तिची हुकमत होती. तिचं शरीरही उत्तमच होतं. त्याच वर्षी ती मिस ऑलिम्पियाही झाली. पण आठवी आलेल्या बेव्हला आपण नेमकं कुठे कमी पडलो याचं सरळ उत्तर मिळायला हवं होतं की नको?

पुढे ६ डिसेंबर २००४ ला आयएफबीबीने पत्रक काढलं: महिला स्पर्धकांनी स्नायूंचं प्रमाण वीस टक्क्यांनी कमी करावं.

वीस टक्के. कशाच्या? कुठल्या फुटपट्टीने? खांद्याचे वीस की मांडीचे?

पुरुषांना असं पत्रक कधी गेलं नाही. २०१४ नंतर तर मिस ऑलिम्पिया बंदच झाली, २०२० मध्ये परत आली. आयरिस काइल दहा वेळा जिंकली त्या किताबाची ही गत.

म्हणून शिकणाऱ्या मुलीला दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगायला हव्यात: नियम कुठे संपतो आणि पंचांची आवड कुठे सुरू होते. कंबर फिरवून बारीक दाखवता येते, मागचा पाय दाबून मांडीच्या रेषा काढता येतात. ही कारागिरी आहे, तिला मेहनत लागते. ‘जरा नाजूक दिस’ ही कारागिरी नव्हे. असं सांगणाऱ्याला तिथेच विचारा: नियमातलं कलम कुठलं?

आपल्याकडे ‘मुंबई श्री’ आणि ‘महाराष्ट्र श्री’ला गर्दी लोटते, शिट्ट्या पडतात. महिलांचे गट मोजके. अनेकींच्या घरी स्पर्धेचं नाव माहीत असतं, पोशाख माहीत नसतो. अशी मुलगी पोझिंगचा सराव कुठे करणार? घरात दार लावून, आणि जिममध्ये दहा जणांच्या नजरा चुकवून.

त्यात शिकवणारे बहुतेक पुरुष. पोझ दुरुस्त करायची म्हणजे हात लावायचाच, असं कुणी ठरवलं? ‘डावं कोपर दोन बोटं वर, बरगड्या खाली’ हे तोंडाने सांगता येतं, स्वतः करून दाखवता येतं. हात लावावाच लागला तर आधी विचारून, आणि खोलीत दुसरी बाई असताना. ज्या कोचला हे अडचणीचं वाटतं, त्याच्याकडे पोझिंग शिकू नये. यात चर्चेला जागाच नाही.

आणखी एक, ज्याबद्दल सगळे गप्प असतात. पाळी बंद होणं. खाणं अतिकमी आणि व्यायाम अतिजास्त झाला की शरीर आधी तिथे काटछाट करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रीतसर नाव देऊन इशारा दिला. त्यात हाडंही झिजतात. ‘प्रेपमध्ये असं होतंच’ म्हणणाऱ्या कोचला डॉक्टरकीचा परवाना कुणी दिला?

शेवटच्या दिवसांत पाणी तोडणं तसंच. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या डोपिंगच्या बंदी यादीत आहेत आणि जिवावर बेतू शकतात. पाणी आणि क्षार गेलेल्या स्नायूला ऐन पोझमध्ये गोळा येऊ शकतो. वर्षभराची मेहनत, आणि तुलनेच्या फेरीत पोटरी धरून खाली बसायचं.

संघटनांना हे अवघड आहे का? प्रवेश अर्जासोबत त्या गटाच्या सक्तीच्या पोझ, चपलांचा आणि मुठीचा नियम, आणि पंच काय बघणार, एवढं एका पानावर मराठीत छापा. वजनाच्या दिवशी तासभर पोझिंगची उजळणी घ्या, एखाद्या माजी महिला स्पर्धकाला बोलवा. पंचांच्या पॅनेलवर बायका बसवा. आणि निकाल लागल्यावर प्रत्येकीच्या हातात तिचा गुणतक्ता द्या, कुठल्या पंचाने कितवा क्रम लावला आणि का, दोन ओळींत लिहून. पाचवी आलेल्या मुलीला पुढच्या हंगामाची तयारी त्याच रात्री सुरू करायची असते.