मुलगी नासाला गेली असता संपर्क कसा राखावा

प्रथम हॉलमध्ये दुसरं घड्याळ लावावं. मे महिन्यात फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं (हिवाळ्यात साडेदहा, पण सहली सहसा सुट्टीतच निघतात). हिशेब तोंडी करू नये. मी केला, आणि सकाळी साडेनऊला पोहे खाता खाता सहज फोन लावला. तिकडे रात्रीचे बारा. मुलींचे फोन रात्री बाईंकडे जमा असतात, त्यामुळे फोन बाईंनी उचलला. त्या रागावल्या नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं.

विमान ॲपवर बघत बसायला हरकत नाही. फक्त ते अटलांटिकवर मध्येच गायब झालं तर बायकोला हाक मारू नये. समुद्रात सिग्नल पकडणारी यंत्रं नसतात, एवढंच त्याचं कारण. हे मला नंतर कळलं, हाक आधी मारून झाली होती.

पोचल्यावर संपर्काचा मुख्य आधार म्हणजे पालकांच्या ग्रुपवर रोज येणारा एक फोटो. चाळीस मुली, सगळ्यांचे निळे टीशर्ट, मागे अटलांटिस यान. यानाकडे बघू नये. दोन बोटांनी फोटो मोठा करत तिसऱ्या रांगेत जावं. तिथे कोणाच्या तरी वेणीआड आपल्या मुलीचा अर्धा चेहरा असतो. तेवढ्यावरून आमच्याकडे ‘उतरलीय’ असं निदान झालं. जाऊन दोन दिवस झाले होते. मग पुढचा तास कमरेला बांधलेलं ते पिवळं जॅकेट कोणाचं, यात गेला.

मेसेजमध्ये एका वेळी एकच प्रश्न विचारावा. जेवलीस का, काय जेवलीस, मेतकूट उघडलंस का, बाथरूम स्वच्छ आहे का, अशी मालगाडी सोडली की सतरा तासांनी ‘हो’ येतं. कशाला हो, ते विचारू नये. ब्लू टिक दिसली म्हणजे तिने वाचलं, असंही धरू नये. आणि तिने स्टेटस टाकलं की ते लगेच उघडू नये. अकराव्या सेकंदाला बाबांचं नाव दिसणं तिला मैत्रिणींत परवडत नाही.

धीर खचला तर व्हॉयेजर १ हे यान आठवावं. तेही फ्लोरिडातल्याच केप कॅनाव्हरलवरून गेलं, ५ सप्टेंबर १९७७ रोजी, आणि अजून परतायचं नाव नाही. त्याचा निरोप प्रकाशाच्या वेगाने निघूनही बावीस तासांहून जास्त घेतो. नोव्हेंबर २०२३पासून तर ते काहीतरी अगम्यच पाठवत होतं. शास्त्रज्ञ चिडले नाहीत. पाच महिने खटपट करून एप्रिल २०२४मध्ये त्यांनी ते पुन्हा बोलतं केलं. मात्र त्या यंत्राला मैत्रिणी नाहीत, हा फरक लक्षात ठेवावा.

आता खात्रीचा उपाय. डॉलरचं कार्ड द्यावं, पण त्याचा पिन कागदावर लिहून देऊ नये. निघताना विमानतळावर, गर्दीत, एकदाच तोंडी सांगावा. चौथ्या दिवशी रात्री साडेबाराला माझा फोन वाजला. तिकडे दुपारचे तीन, मागे दुकानाचा गलबला.

“बाबा, पिन काय होता? लवकर, मागे लाइन आहे.”

“तू जेवलीस का?”

“बाबा, पिन!”

“अगं, आमच्या लग्नाची तारीख. दिवस आणि महिना.”

“हो, पण ती काय आहे?”

फोन हातात धरून मी बायकोला उठवलं.