ताडपत्रीचा धनी

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचे 30 संघ, आणि त्यांच्या पदराखाली मायनर लीगचे 120. लहान शहरं, लहान स्टेडियम आणि उद्या मोठे होऊ पाहणारे खेळाडू. अशा प्रत्येक स्टेडियमात एक गृहस्थ हमखास दिसतो. सामना ऐन रंगात आलेला असताना तो खेळाकडे पाठ करून आभाळ न्याहाळत असतो. हा तिथला हेड ग्राउंड्सकीपर, म्हणजे मैदानाची निगा राखणारा. हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, आणि वादळी पावसाचा मुहूर्तही नेमका त्यातलाच.

इतर लोक मोबाइलवर मुलांचे फोटो दाखवतात, हा रडार दाखवतो. हिरवा म्हणजे शिंतोडे, पिवळा म्हणजे पंचाईत, लाल म्हणजे पळा. त्याचं लग्न जानेवारीत झालेलं असतं. मुलाचा जन्म जुलैत झाला, हे त्याच्या मते संसारातलं एकमेव चुकलेलं नियोजन. ‘पावसाची शक्यता 30 टक्के’ असं कुणी वाचून दाखवलं की तो शांतपणे विचारतो, “ते 30 टक्के पडणार कुठे, तेवढं सांगा.”

त्याचं शस्त्र म्हणजे ताडपत्री. साधारण 170 फूट लांब आणि तितकीच रुंद, म्हणजे झाली साडेसव्वीस गुंठे! कोकणात एवढ्यावर दोन पिढ्यांची भाऊबंदकी सहज निभते. इथे ती काही मिनिटांत अंथरून मोकळं व्हायचं असतं. कोरडी असतानाच तिचं वजन अर्ध्या टनाहून जास्त. भिजल्यावर किती, ते ओढणाऱ्याच्या कमरेला विचारावं. मेजर लीगमध्ये या कामाला दांडगं पथक असतं. मायनर लीगमध्ये याच्या हाताखाली कॉलेजची चार पोरं. त्यामुळे ढग गडगडला की अख्खं ऑफिस मैदानात उतरतं. तिकीटविक्रीवाले, जाहिरातवाले, हिशेबनीस, आणि अस्वलाचं मुंडकं काखेत मारून धावणारा मॅस्कॉट. वारा कुठून कुठे वाहतोय, याचा यांपैकी एकालाही पत्ता नसतो.

“कड खाली दाबा! खाली!” हा घसा फोडून ओरडतो. कारण आत वारा शिरला की ताडपत्रीचं शीड होतं आणि हिशेबनीस जमीन सोडतो. ताडपत्री सुरेख पडली तर एक टाळी वाजत नाही. कुणी घसरून तिच्याखाली गडप झाला, की मात्र सगळं स्टेडियम उभं राहतं.

तरी ओढणं सोपं. कधी ओढायची हे ठरवणं अवघड. टाकली आणि पाऊस आला नाही तर हा वेडा. नाही टाकली आणि आला तर हा बेकार. टाकूनच ठेवावी, तर उन्हात खालचं गवत शिजून निघतं. सामना सुरू करायचा की नाही, हे यजमान संघ ठरवतो; सुरू झाल्यावर सत्ता पंचांची. खेळ थांबवला तर रद्द करण्याआधी निदान 30 मिनिटं वाट पाहायची, असा नियम आहे. त्या 30 मिनिटांत पंच, मॅनेजर, मालक आणि हॉट डॉग विकणारा, सगळे याला एकच प्रश्न विचारतात, “थांबेल ना हो?”

थांबतो. मग पंप, स्पंज, आणि पाणी शोषणाऱ्या भाजक्या मातीची पोतीच्या पोती.

पाण्याशी त्याचं वैर नाही. कोरड्या दिवसात तो स्वतःच पाइप धरून इनफील्डची माती भिजवतो. पाणी हवंच, फक्त ते त्याच्या हातचं हवं. 1962 साली सॅन फ्रान्सिस्कोत तिथला ग्राउंड्सकीपर मॅटी श्वाब याने पहिल्या बेसजवळ पाण्याचा मारा करून, पळून बेस चोरण्यात पटाईत असलेल्या डॉजर्सच्या मॉरी विल्सचे पाय जखडायचा घाट घातला होता. ही कथा तो सत्यनारायणाच्या श्रद्धेने सांगतो. उलट 1988 च्या ‘बुल डरहॅम’ या सिनेमात खेळाडू रात्री चोरून स्प्रिंकलर सोडतात, सामना बुडवतात आणि चिखलात घसरगुंडी करतात. त्या दृश्याला सगळे हसतात. हा उठून बाहेर जातो.

कारण त्याचं खरं दुखणं खेळाडू आहेत. पाऊस मैदान नुसतं भिजवतो, खराब करतात ते हे खिळ्यांचे बूटवाले. पिचर माउंडवर खड्डा पाडतो, बॅटर उभं राहायच्या आधी चार वेळा माती उकरतो. शिवाय ‘मैदान छान आहे’ असं म्हणून त्यावर थुंकतो!

मग सामना रद्द झाला की याने पेढे वाटायला हवेत. पण बुडालेला सामना बहुधा दुसऱ्या दिवशी भरून काढतात, सात-सात डावांचे दोन सामने लागोपाठ. म्हणजे एक वाचला म्हणून दोन बोकांडी.

अपवाद एकच, सप्टेंबरातला हंगामाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी बुडालेल्या सामन्याला पुढची तारीखच नसते. दुपारी पश्चिमेकडे काळं भरून आलं की सगळ्यांचे चेहरे पडतात. याचा तेवढा खुलतो. तरीही तो सगळ्यांच्या आधी धावतो आणि ताडपत्री टाकतोच. खेळाडू घरी गेल्यावर मैदान त्याचं एकट्याचं असतं, आणि स्वतःची वस्तू कुणी पावसात ठेवतं का?