राणीचं पदक आणि गाय चोरणारा शिपाई

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाजवळ या, मोठ्यानं बोलायची गोष्ट नव्हे. त्या व्हिक्टोरिया क्रॉसचं म्हणतेय मी, इंग्रजांच्या शौर्यपदकाचं. मान केवढा, नाव केवढं! पण आतल्या भानगडी ऐकाल तर तोंडात बोट घालाल.

व्हिक्टोरिया राणीबाईंनी 1856 च्या जानेवारीत पदकाचा हुकूम काढला, क्रिमियाच्या लढाईवरून. म्हणाल्या, हुद्दा बघायचा नाही, घराणं बघायचं नाही, साध्या शिपायालाही मिळायला हवं. झालं, नमुना करून आणला. बाईंनी हातात घेतला आणि चेहराच पडला! आकार ठीक आहे म्हणाल्या, पण हा धातू कसला ओंगळ, हे तर चक्क तांबं. मग तोफांचं ब्राँझ ठरलं. रशियनांकडून जिंकलेल्या तोफा, असं कितीतरी वर्षं सगळे छाती फुगवून सांगत होते. आणि निघाल्या काय? चिनी! वूलविचला ठेवलेल्या त्या तोफा चिनी बनावटीच्या हो. कुणाला सांगायची सोय राहिली नाही...

तर काय सांगत होते, पहिला समारंभ. 26 जून 1857, लंडनचं हाइड पार्क, ही गर्दी. बासष्ट जणांना पदकं द्यायची आणि बाई घोड्यावरून काही उतरल्या नाहीत. वरूनच वाकून एकेकाच्या छातीवर टोचायचं. पहिला नंबर रेबी नावाच्या आरमारी अधिकाऱ्याचा. त्याला म्हणे पिन कोटातून थेट कातडीतच गेली. मेल्यानं हूं का चूं केलं नाही! खरंखोटं देव जाणे, पण मला तर पटतं. घोड्यावर बसून साधा बिल्ला नीट लागेल का सांगा. आणि वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली ती वेगळीच. एवढा गाजावाजा आणि हातात काय, तर मळकट तुकडा.

आणि तो लुकास माहीत आहे ना? 1854 साली बाल्टिक समुद्रात ‘हेक्ला’ जहाजावर पेटता गोळा पडला, तो यानं उचलून भिरकावला समुद्रात. ज्या पराक्रमांना हा क्रॉस मिळाला त्यांत सगळ्यांत आधीचा हाच. पुढे काय झालं, तर त्याच जहाजाच्या कप्तानाचा जावई झाला. पंचवीस वर्षांनी! आणि एवढं जिवावर उदार होऊन मिळवलेली पदकं आगगाडीत विसरून आला. गेली ती गेलीच.

पण खरा ड्रामा पुढेच. मिळालेलं पदक परतसुद्धा घ्यायचे, कळलं? आठ जणांची नावं यादीतून कटाप. एकानं गाय चोरली, एकानं घोड्यांचा दाणागोटा, एकानं लोखंड. आणि तो कॉलिस नावाचा एक? घरी एक बायको असताना दुसरीशी लग्न! वर्षाला दहा पौंडांचं पेन्शनही गेलं हो पदकाबरोबर. मला वाईट वाटतं ते वेगळंच. लढाईत छातीवर गोळ्या झेललेला माणूस घरी येऊन दाणागोटा चोरतो, म्हणजे त्या दहा पौंडांत त्याचं काय भागत असेल? राजे पंचम जॉर्ज मात्र दिलदार. 1920 मध्ये त्यांच्या सेक्रेटरीनं लिहून कळवलं की उद्या खून करून फासावर चढला तरी क्रॉस छातीवर लावून चढू द्या! तेव्हापासून कुणाचा काढून घेतला नाही.

आता आपल्या लोकांचं ऐका. हुद्दा नाही, घराणं नाही म्हणणाऱ्या बाईंच्या पदकात आपला हिंदी शिपाई मात्र बसत नव्हता. कंपनी सरकारनं 1837 पासूनच ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ ठेवली होती ना हिंदी फौजेसाठी, म्हणे तीच पुरे. 1911 च्या दिल्ली दरबारात कुठे दार उघडलं. 1914 मध्ये पहिला मिळाला बलुची पलटणीच्या खुदादाद खानला, बेल्जियममध्ये.

आणि आपला माणगावचा यशवंत घाडगे! मराठा पलटणीतला नाईक. 10 जुलै 1944, इटलीत. सोबतचे सगळे मेले नाहीतर जखमी झाले, हा एकटा मशीनगनवर धावला. आधी बॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळच नाही म्हटल्यावर बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनंच हाणलं. दोघेही खलास! मग दुरून कुणीतरी नेम धरला हो... जेमतेम बावीस वर्षांचा पोरगा.

नगरकडचा नामदेव जाधव मात्र जगला. एप्रिल 1945, सेनिओ नदी. दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांतून ओढून आणलं, परत जाऊन मशीनगनची ठाणी गप्प केली, हाताला लागलं म्हणून टॉमीगन टाकली आणि बॉम्ब फेकत राहिला. वर नदीच्या बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जनाही ठोकली. शत्रूच्या नाकावर टिच्चून!

घाडग्यांचा पुतळा आहे माणगावात. गोव्याला जाताना गाडीतून दाखवला, तर आमचे हे विचारतात, कुठल्या पक्षाचे हे?