भाकितात पाटण नव्हतं

2020 च्या एप्रिल-मेमध्ये भाकितांचं अमाप पीक आलं होतं. कोरोनाची साथ सरली की लोक हस्तांदोलन सोडतील आणि जगभर नमस्कार रूढ होईल. लग्नं पन्नास माणसांत उरकतील. यात्रा-जत्रांची गर्दी इतिहासजमा होईल. मुंबई रिकामी होईल, गावं भरतील. कचेरी घरात येईल, शाळा मोबाईलमध्ये जाईल. पुरवण्यांत, टीव्हीवर, फोनवर सगळीकडे हेच चाललं होतं. सांगणारी माणसं शिकलेली होती, तळमळीनं सांगत होती. पण ती आपापल्या खिडकीत बसून जग बघत होती, आणि त्या खिडकीतून सातारा जिल्ह्यातलं पाटण दिसत नव्हतं.

लग्नांचं भाकीत पहिल्याच फटक्यात पडलं. 2021 च्या एप्रिलमध्ये सरकारनं पंचवीस माणसं आणि दोन तास असा नियम केला, मोडला तर पन्नास हजारांचा दंड लावला. नियम होता तोवर लोकांनी तो पाळला. नियम उठला तशी राहिलेली हौस व्याजासकट बाहेर आली. आज कराड-पाटण रस्त्यावरच्या कुठल्याही मंगल कार्यालयासमोर लग्नतिथीला उभं राहा, गाडी लावायला जागा मिळायची नाही. त्या दोन वर्षांत कमी खर्चात झालेल्या लग्नांमधून कितीतरी बाप कर्जाशिवाय सुटले होते. ही गोष्ट सगळ्यांना कळली होती. तरी ती कुणी पुढं चालवली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यात्रांचंही तेच. कराड तालुक्यातल्या पालच्या खंडोबाची यात्रा त्या काळात भाविकांविना झाली. पंढरीला पादुका एसटीनं गेल्या, 2020 ला आणि 2021 ला. 2022 मध्ये वारी पायी निघाली आणि पुढं पालला पुन्हा भंडारा उधळला गेला. माणसाला माणसांत जायचं असतं. एवढी साधी बाब भाकितात धरली नव्हती.

पण ‘गावं भरतील’ हे भाकीत मला आजही सहन होत नाही. पाटण खोऱ्यातलं घर नि घर मुंबईशी बांधलेलं आहे. वाशीच्या बाजार समितीत, मशीद बंदरच्या गोदामांत, रेल्वेच्या मालधक्क्यांवर पाठीवर ओझं वाहणाऱ्यांत या खोऱ्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील ढेबेवाडी खोऱ्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला आणि हमालाला पगार, भविष्य निर्वाह निधी, उपचार मिळू लागले. असा माणूस गावी येऊन घरून काम कसा करणार? गोणी घरून उचलता येत नाही.

तो आला होता, हे खरं. 2020 च्या उन्हाळ्यात आला. वेशीवर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या होत्या. ज्या मंदिराच्या कळसाला त्यानं वर्गणी दिली होती त्या मंदिराच्या अलीकडेच त्याला थांबवलं. गावानं ते भीतीपोटी केलं, दुष्टाव्यानं नाही. पण केलं. मग चौदा दिवस प्राथमिक शाळेत. बाकं भिंतीला सारलेली, फळ्यावर मार्च महिन्यातला शेवटचा सुविचार तसाच, भिंतीवर बाराखडीचा तक्ता आणि त्याखाली अंथरलेली सतरंजी. सकाळी घरचं कुणीतरी स्टीलचा डबा फाटकाशी ठेवून मागं सरायचं, मग आतला माणूस येऊन उचलायचा. “भाजी तिखट झालीय का रं?” एवढंच फाटकापलीकडून विचारणं व्हायचं. म्हातारी आई डबा उचलला जाईपर्यंत हलायची नाही.

मे महिन्यात, 11 ते 17 तारखेपर्यंत, वाशीचा बाजार बंद ठेवावा लागला. तिथं लागण फार झाली होती. आठवडा संपला, बाजार उघडला. मुंबईला खायला लागतं, ते थांबवता येत नाही. इथं डोंगरउतारावर भात-नाचणीची तुकड्यातुकड्यांची शेती, तीही चार भावांत वाटलेली. कुणी शेळ्या घेतल्या, कुणी कोंबड्या पाळल्या, कुणी टेम्पो घेऊन भाजी विकून पाहिली. थोडे टिकले. बाकीचे काही महिन्यांतच परत फिरले, त्याच घणसोली-कोपरखैरण्याच्या खोल्यांत. गाव भरायला गावात काम लागतं, आणि ते साथीनं आणलं नव्हतं.

साथ संपायच्या आधीच पाटणवर दुसरं संकट आलं. 22 जुलै 2021 च्या रात्री आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर डोंगर कोसळला. माणसं गाडली गेली. वाचलेल्यांना पुन्हा शाळांमध्येच आणून ठेवलं. वर्षभरापूर्वी त्याच प्रकारच्या खोल्यांत मुंबईकर होते, आता बेघर झालेली कुटुंबं. अंतर ठेवा, हात धुवा असं सांगणाऱ्यांनी त्या रात्री एका खोलीत किती बायापोरं होती हे पाहायला हवं होतं. संकटं रांगेत एकामागून एक येत नाहीत. साथीनंतरचं जग रंगवताना प्रत्येकानं धरून चाललं होतं की आधी साथ संपेल आणि मगच पुढचं काही होईल.

दोन्ही वेळा वापरली गेली ती शाळा, आणि माझं सगळं म्हणणं या शाळेपाशी आहे.

‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावानं राज्यात अभ्यासमाला सुरू झाली. हेतू चांगला होता. पण घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप वाशीला. ज्या तालुक्यातल्या धरणाच्या पाण्यावर 1,960 मेगावॉट क्षमतेची वीजकेंद्रं उभी आहेत, ज्याच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या ओळी आहेत, त्याच तालुक्यात पोरं रेंजसाठी टेकाडावर चढत होती. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण फक्त पाण्यापुरती खरी नाही. ज्या घरी फोन होता तिथं गुरुजींनी पाठवलेल्या पानाचा फोटो बघून पोर वहीत तसंच उतरवून काढायचं आणि वहीचा फोटो परत पाठवायचं. अक्षरं गिरवली जात होती. ती वाचली जातात का, हे फोटोत दिसत नाही.

ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 ला उघडले. पहिली ते चौथीला डिसेंबर उजाडला, आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस कुलूप. म्हणजे 2020 च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेल्या पोरानं पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही. दुसरीचा पाहिला तो अर्धामुर्धा. 2022 च्या जूनमध्ये ते तिसरीच्या बाकावर बसलं. 2021 मध्ये 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला होता. वाहून गेलेल्या दीड वर्षावर 45 दिवसांचा साकव. त्याच वर्षी दहावीचा निकाल परीक्षेविना लागला, 99.95 टक्के. पेढे वाटले गेले. पोरांचा दोष नव्हता, पण त्या आकड्यानं आपण सगळे निर्धास्त झालो.

2022 चा ‘असर’ हा शिक्षणस्थितीचा अहवाल आला तेव्हा देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी मुलं 20.5 टक्के निघाली. 2018 मध्ये ती 27.2 टक्के होती. महाराष्ट्राची घसरण त्याहून मोठी होती. या आकड्यांवर दोन दिवस चर्चा झाली. 2023 मध्ये चर्चा सुरू झाली ती वेगळीच: वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या. पाटणच्या डोंगरी वाड्यांवर असा पट असलेल्या शाळा गल्लोगल्ली नाहीत, त्या वाडीला एक आहेत. ती उचलून खाली नेली तर ओढा भरलेला असताना सहा वर्षांची पोरगी कशी जाणार? साथीत एकदा वर्ग बुडाला, आता शाळाच बुडणार.

म्हणून साथीनंतरच्या जगाचं एक भाकीत मी करतो, आणि ते नुसत्या बेरजेवर उभं आहे. 2020 मध्ये पहिलीत असलेलं पोर 2030 च्या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला बसेल. त्या वेळी निकाल कमी लागला तर लोक फोनला दोष देतील, आईबापांना देतील, पोरांच्या आळसाला देतील. मूळ पहिलीच्या रिकाम्या बाकावर आहे, हे तेव्हा कुणाला आठवणार नाही. आत्ता आठवलं तर काही करता येईल.

साथीनंतर बदल होतच नाहीत, असं मला म्हणायचं नाही. होतात. ते कुणीतरी हट्टानं करावे लागतात. 1918 च्या इन्फ्लुएन्झानं हिंदुस्थानात किमान सव्वा कोटी माणसं नेली. त्याच्या पुढच्याच वर्षी, 4 ऑक्टोबर 1919 ला, इथून जवळच कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. साथीमुळे काढली असा माझा दावा नाही. पण माणसं मेलेली, महागाई भडकलेली अशा काळात एक माणूस बहुजनांच्या पोरांसाठी शाळा उभारायला निघाला, आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह चालवू लागला. त्याआधीच्या प्लेगमधून इंग्रज सरकारनं 1897 चा साथरोग कायदा मागं ठेवला आणि तोच 13 मार्च 2020 ला महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. त्याच प्लेगमध्ये याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्याकडे निघाल्या आणि त्यातच गेल्या. कायदा आपण जपला. पोर पाठीवर घेणं मात्र आशाताईंवर सोडून दिलं. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला, आणि त्यानंतरही मानधनासाठी त्यांना संपावर जावं लागलं.

दुसरा दाखला कोल्हापूर जिल्ह्यातला, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचा. 2022 च्या मे महिन्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. कोरोनात तरुण बायका विधवा झालेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या, त्या पाहण्यातून हे आलं. काही दिवसांतच राज्य सरकारनं इतर गावांना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. 2020 च्या एकाही भाकितात हे नव्हतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट मिळेल, हेही नव्हतं. 17 मार्च 2023 पासून ते मिळतं आहे. ढेबेवाडीहून कराडच्या दवाखान्यात जाणाऱ्या बाईला मास्कपेक्षा त्या अर्ध्या तिकिटानं जास्त मोकळं केलं.

तेव्हा पाटणच्या वाड्या-गावांना माझं सांगणं आहे. 2020 मध्ये पहिली ते तिसरीत असलेल्या आपल्या गावच्या पोरांची यादी करा. शाळेच्या हजेरीपुस्तकात नावं आहेत, एका दुपारचं काम आहे. प्रत्येकाला समोर बसवून एक पान वाचायला द्या. अडखळेल त्याच्यासाठी संध्याकाळी दोन तास समाजमंदिर उघडं ठेवा. बारावी झालेल्या, घरी बसलेल्या मुली प्रत्येक वाडीत आहेत. त्यांना मानधन देऊन शिकवायला बसवा. पुढच्या साथीला आणि पुढच्या दरडीला माणसं ठेवायला शाळेखेरीज एक पक्की जागा आत्ताच ठरवा. वाडीची शाळा खाली न्यायचा कागद आला तर त्याला लेखी विरोध करा.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्या. यात्रेच्या वर्गणीचा नंतर.