बिनकामाची वायर

नागपूरला समुद्र नाही. तरी होळी झाली की गच्च्यांवरून लोखंडी जहाजं उतरतात आणि घरोघरी खिडक्यांना लागतात. फरक एवढाच, की बोटीत पाणी बाहेर आणि वायरी आत. कुलरमध्ये दोन्ही आतच. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४ अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने तर ५६ अंश दाखवले. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितलं, तेव्हा नागपूरकर जरा हिरमुसलेच. अशा गावात कुलरला नावं कोण ठेवणार?

जुन्या कुलरचं झाकण काढलं की आजवरचे सगळे मिस्त्री एकदम भेटतात. एकाने फेजला लाल वायर घेतली, दुसऱ्याची लाल संपली म्हणून त्याने काळी जोडली, तिसऱ्याने दोन्हींवर टेप गुंडाळून वाद मिटवला. नवा मिस्त्री आधी विचारतो, “हे कोनं केलं जी?” आणि त्याच जोडावर आपला जोड देतो.

“कुलर करंट मारून राहिला,” ही आपल्याकडे तक्रार नसते, पाहुण्याला दिलेली माहिती असते. त्यावर घरगुती उपायही ठरलेले: चप्पल घाला, उलट्या हाताने शिवून बघा, दोन पिनांचा प्लग फिरवून लावा. प्लग फिरवल्यावर झटका कधीकधी जातोही, कारण फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल होते. गळती मात्र जागच्या जागी असते.

या गुंत्यात अर्थिंगची हिरवी वायर तेवढी सापडत नाही. ती नसली तरी पंखा फिरतो, पंप चालतो, ताट्या भिजतात. मग ती लावायची कशाला? खरं तर तीन पिनांच्या प्लगमध्ये तिची पिन सगळ्यांत लांब आणि जाड. शिरताना पहिली, निघताना शेवटची. पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीकडे न्यायची आणि फ्यूज उडवायचा, एवढंच तिचं काम. ते तिने चोख केलं, तर भर दुपारी पंखा बंद पडतो आणि अख्खं घर तिच्यावरच उखडतं.

पाणी भरण्याआधी प्लग काढा, अर्थिंग तपासा, असं महावितरण दर उन्हाळ्यात सांगतं. मिस्त्रीला वाऱ्याबद्दल विचारण्याआधी हिरव्या वायरीचा पत्ता विचारावा. तो म्हणेल, “तिच्याबिगर चालते ना जी!” कुलर चालतो, यात वाद नाही. प्रश्न आपल्या चालण्याफिरण्याचा आहे.