मोर्णाकाठचा पंचम

लोक पाखरं पाहायला भरतपूरला जातात, गेला बाजार मेळघाटात. आमची मोहीम अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या ओट्यापासून असदगडापर्यंत आणि तिथून मोर्णेच्या काठापर्यंत होती. अंतर, वळणं धरून, एक किलोमीटर. तरी बायकोनं भाकर-ठेचा बांधून दिला आणि पुतण्यानं मित्राची दुर्बीण मागून आणली. दुर्बीण पाहून शेजारच्या काकांनी विचारलंच,

"कुठी चालले बाप्पा, सकाळी सकाळी?"

"पाखरं पाहाले, काका."

"त्याच्यासाठी हिंडाले काऊन पाह्यजे? आमच्या कवेलूवर चढून बसा ना. पाखरंई दिसतीन, अन् कवेलूई फेरून होतीन."

त्यांना काय सांगणार, की मोहिमेचं मूळ पाखरात नव्हतं, जुन्या अपमानात होतं! लहानपणी मी गाण्याच्या क्लासला जात असे. सा बरा लागायचा, पण पंचम लावला की तो हळूहळू वर सरकायचा. मास्तर पेटी थांबवून म्हणायचे, "अबे पोट्ट्या, पंचम अचल असते. जागचा हालत नाई. जाय, कोकिळेपाशी शिकून ये!" प्रारंभिकच्या परीक्षेला परीक्षकांनीही माझ्या पंचमाच्या वेळी खिडकीबाहेर पाहिलं होतं. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हा ठरवलं, मास्तरांची आज्ञा पाळू.

शास्त्र सोबत होतंच. 'नारदीय शिक्षे'त सातही स्वरांचे मालक दिलेले आहेत. षड्ज मोराचा, ऋषभ बैलाचा, गांधार शेळीचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळाचा, धैवत घोड्याचा आणि निषाद हत्तीचा. ऋषभ आणि गांधार आम्हाला गल्ली संपायच्या आत मिळाले. ऋषभ रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसला होता. गांधार भाजीच्या पाटीतली मेथी खात होता आणि पाटीवालीनं काठी उगारताच खणखणीत लागला. धैवत मात्र मिळाला नाही. लग्नसराईचे दिवस, वरातीचा घोडा रात्रभर बँडपुढं नाचून उभ्या उभ्या झोपला होता.

असदगड हा आमचा पहिला मुक्काम. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावानं तो ओळखला जातो. पण त्याच्याही आधीची एक दंतकथा आहे. अकोलसिंग नावाच्या माणसाला इथं एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. त्यानं तो शकुन मानला आणि गावाभोवती मातीची भिंत घातली. अकोल्याचा जन्मच मुळी वन्यजीव निरीक्षणातून झाला, हे मी पुतण्याला ठणकावून सांगितलं. आम्हालाही एक पाठलाग दिसला. पण त्यात कुत्रा मागे होता आणि पुढं आम्ही.

बुरुजाच्या भोकांत पारवे घुमत होते. एका भोकातून पिंगळा डोळे वटारून मान खालीवर करत होता. परीक्षकांची आठवण आली. पिंपळावर तांबट 'पुक् पुक् पुक्' करत होता. एकच मात्रा, तीही तासन् तास. लयीला इतका पक्का साथीदार आमच्या क्लासला कधी लाभला नाही. निंबावर भोरड्यांचा थवा एकदम बोलत होता, वार्षिक सभेसारखा. हिवाळाभर आमच्या ज्वारीवर ताव मारून या गुलाबी पाहुण्या आता मध्य आशियाकडे परत निघाल्या होत्या. गोफणीनं जे होत नाही, ते वराडातल्या चैत्राच्या उन्हानं होतं.

भाकर सोडली, तर एका कावळ्यानं झडप घालून चतकोर नेला. पुतण्या दगड उचलू लागला. म्हटलं, राहू दे. कोकिळा त्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते आणि हा बिचारा तिची पोरं पोसतो. घरात खाणारी तोंडं जास्त असतील.

मग मोर्णा. नावात मोर आहे, काठावर नाही. त्यामुळं षड्जाविना मैफल. 2018 च्या जानेवारीत हजारो अकोलेकरांनी उतरून या नदीतली जलकुंभी उपसली होती. जलकुंभीची चिकाटी अकोलेकरांहून जास्त निघाली. तिच्या कडेला शेकाट्या लांब गुलाबी पायांवर असा चालला होता, जणू धोतर भिजेल. क्रौंच म्हणजे नेमका कोणता पक्षी, यावर विद्वानांचं जमत नाही, म्हणून मध्यम आम्ही ढोकरीला देऊन टाकला. तिनं उडताना जो आवाज काढला, त्यावरून तिला तो नको असावा. हत्तीची आशा नव्हतीच. तेवढ्यात स्टेशनकडून मालगाडीचा भोंगा आला. निषाद मांडून घेतला.

आणि मग उंबरातून तो आला. 'कुऊ!'

गाणारा काळाभोर नर होता. कवी ज्या कोकिळेला गायला लावतात, ती ठिपक्यांची मादी दुसऱ्या फांदीवर नुसती 'किक् किक्' करत होती. पुतण्यानं मोबाइलवर सूर दाखवणारं अ‍ॅप लावलं. काटा पंचमावर टेकला. पुढच्या 'कुऊ'ला थोडा वर गेला. त्याच्या पुढच्याला आणखी वर. सहा-सात हाकांत पंचम मागं पडला, गळा ताणला गेला, पक्षी गप्प झाला आणि पुन्हा खालून सुरू झाला.

"काका, हा तर बेसूर आहे!"

"बेसूर नाई रे," मी म्हटलं, "हा माझ्याच क्लासचा आहे!"

मास्तर आता नाहीत. असते, तर हाताला धरून उंबराखाली नेलं असतं. तुम्हाला यायचं असेल, तर चैत्रात या आणि सकाळी सहाच्या आत किल्ल्यावर पोचा. आमच्याकडे वसंत ऋतू साडेआठला संपतो.