शिरस्तेदार आणि प्रार्थनेचा मसुदा

पंढरीची वारी नेमाने करणारे, कपाळी बुक्का आणि कमरेला तपकिरीची डबी यांवाचून उंबरठा न ओलांडणारे मामलेदार कचेरीतील शिरस्तेदार आणि अमेरिकन मिशनच्या छायेत वाढलेला मजसारखा ख्रिस्ती शाळामास्तर यांचे मैत्र जुळेल, असे भाकीत अहमदनगरच्या कोणत्याही ज्योतिषाने केले नसते. ते जुळले एका अर्जापायी. शाळेच्या पडक्या भिंतीविषयीचा माझा अर्ज ‘मजकूर फार, मागणी नाही’ असा शेरा मारून त्यांनी परत केला. दुसरा ‘मागणी आहे, आधार नाही’ म्हणून. आणि पुढल्याचा मसुदा, बहुधा माझी कणव येऊन, त्यांनी स्वतःच्या ओसरीवर चहा पाजून मला सांगितला. भिंत अद्याप पडकीच आहे. चहा मात्र नित्याचा झाला.

नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे सांगत, हे मी एकदा सहज बोलून गेलो. “पूल म्हटला की रहदारी दोन्ही बाजूंनी,” असे म्हणून शिरस्तेदार येत्या रविवारच्या उपासनेस सिद्ध झाले.

1831 सालापासून नगरात बस्तान असलेल्या मिशनने आम्हांस विद्या दिली, औषधपाणी दिले आणि त्यांसोबत विलायती चालीही दिल्या. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आमच्या उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले खरे. पण अभंगदेखील ओढूनताणून, कोणी निवर्तल्यासारखा म्हणण्याचे कसब आमच्या मंडळीने कष्टाने साध्य केले आहे. टिळकांचा अभंग सुरू होताच शिरस्तेदारांचे हात आपोआप टाळीस लागले. दुसऱ्या कडव्यास त्यांनी लय वाढवली, तिसऱ्यास मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या त्यांना सामील झाल्या, आणि मडमेच्या हाताखाली तयार झालेला आमचा पेटीवाला घामाघूम होऊन पाठीमागून धावत राहिला.

त्यानंतर पाळकसाहेबांची प्रार्थना. तीत बादशहापासून बोरूपर्यंत सर्वांचा समावेश असे, म्हणून आम्ही अनुभवी माणसे डोके बाकावर टेकूनच बसत असू. शिरस्तेदार मात्र ताठ बसून बोटांवर कलमे मोजत होते. शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. “हा मसुदा कोणाचा?” त्यांनी कुजबुजून विचारले. “प्रथम नाते, मग ठिकाण, मग मोजक्या मागण्या. त्यांत भाकरसुद्धा फक्त आजची! मंजूर न करण्यास जागाच ठेवलेली नाही.”

मी त्यांना मत्तयाचा सहावा अध्याय उघडून दाखवला. ही प्रार्थना शिकवण्यापूर्वी प्रभूने व्यर्थ बडबडीस मनाई केली आहे, हे वाचून ते थक्क झाले, आणि उपासना संपताच, दारात सलाम घेत उभ्या असलेल्या पाळकसाहेबांना अत्यंत अदबीने म्हणाले, “साहेब, खुद्द वरिष्ठांचा हुकूम दप्तरी असताना त्याची अंमलबजावणी कशी झाली नाही?”

पाळकसाहेब भला माणूस; मोठ्याने हसले. पण तेव्हापासून शिरस्तेदार बाकावर दिसले की प्रार्थना आटोपशीर होते, आणि आमचे पंच मला शनिवारीच गाठून ‘उद्या आणताय ना त्यांना?’ म्हणून विचारतात. आषाढात ते वारीला गेले म्हणजे मात्र मंडळीचे हाल होतात. बादशहापासून पुन्हा सुरुवात होते.